घोड नदीची क्षेत्रभेट : घोडेगाव परिसरातील एका लहान नदीचा अभ्यास

सारांश

पदवी स्तरावरील पर्यावरण अभ्यासात स्थानिक नदीची क्षेत्रभेट हा मान्य घटक आहे. प्रत्यक्षात मात्र ही भेट पुष्कळदा सहल आणि अहवाल यांपुरती मर्यादित राहते. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यातून वाहणारी घोड नदी हे उदाहरण घेऊन अशा भेटीचे स्वरूप कसे असावे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे. उगमाकडील पाणलोट, डिंभे जलाशय, घोडेगाव येथील पात्र, कळंब व पारगावकडील बंधाऱ्यांचा पट्टा आणि इनामगावचे प्राचीन स्थळ या पाच ठिकाणांच्या आधारे नदीचे भौगोलिक, ऐतिहासिक व सामाजिक अंग उलगडून दाखविले आहे. घोडेगावपाशी शांत भासणारा प्रवाह हा केवळ निसर्गाचा नसून पाणीवाटपाच्या निर्णयांचाही परिणाम आहे, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र होय.

बीजसंज्ञा : घोड नदी, क्षेत्रभेट, पाणलोट क्षेत्र, लाभक्षेत्र, डिंभे धरण, पडकई, इनामगाव.

१. प्रस्तावना

सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलेल्या निर्देशांमुळे पर्यावरण शिक्षणाला औपचारिक अभ्यासक्रमात स्थान मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढे २००३ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी समान अभ्यासक्रम सिद्ध केला. त्यातील आठवा घटक क्षेत्रकार्याचा होता. परिसरातील नदी, वन, गवताळ प्रदेश, टेकडी वा पर्वत यांची पाहणी करून नोंद करणे हे त्यातील पहिले काम होते आणि शंभर गुणांपैकी पंचवीस गुण क्षेत्रकार्याला दिलेले होते. २०२३ मध्ये आयोगाने पर्यावरण शिक्षणाची नवी मार्गदर्शक चौकट प्रसृत केली. तिच्यातही प्रत्यक्ष क्षेत्रकार्याचे महत्त्व कायम आहे.

तरतूद अशी स्पष्ट असली, तरी तिची अंमलबजावणी हा चिंतेचा विषय राहिला आहे. नदीकाठी जाणे, छायाचित्रे काढणे, पाण्याचा एक नमुना बाटलीत भरणे आणि मागील वर्षाच्या अहवालावरून नवा अहवाल तयार करणे, एवढ्यावर हे काम पुष्कळ ठिकाणी आटोपते. याचा दोष केवळ विद्यार्थ्यांना देता येणार नाही. नदीकडे कोणते प्रश्न घेऊन जावे, हे ठरविलेले नसेल तर पाहण्यासारखे काही हाती लागत नाही. मोठ्या आणि प्रसिद्ध नद्यांविषयी वाचन साहित्य मुबलक असते. लहान नदीविषयी ते विखुरलेले असते, म्हणून अध्यापकाची पूर्वतयारी येथे अधिक आवश्यक ठरते.

घोड नदी ही अशीच एक लहान नदी होय. पुणे–नाशिक मार्गावरून जाणारा प्रवासी कळंबच्या पुलावरून ती क्षणार्धात ओलांडतो. घोडेगावपाशी तिचे पात्र शांत आहे. काठाने शेते, पलीकडे डोंगरांच्या रांगा आणि मध्ये संथ पाणी, असे तेथील दृश्य असते. या दृश्यामागे काय आहे, हे समजून घेणे हा क्षेत्रभेटीचा हेतू असला पाहिजे.

२. नदी आणि खोरे : भौगोलिक पार्श्वभूमी

घोड नदीचा उगम सह्याद्रीच्या माथ्यावरील आहुपे परिसरात होतो. तेथून दक्षिणेस काही अंतरावर भीमाशंकर येथे भीमा नदी उगम पावते. एकाच डोंगररांगेवर शेजारी जन्मलेल्या या दोन नद्या स्वतंत्र खोऱ्यांतून पूर्वेकडे वाहत जातात आणि पुढे दौंड–श्रीगोंदा तालुक्यांच्या परिसरात एकमेकींना मिळतात. मार्गात घोडीला जुन्नर तालुक्यातून येणाऱ्या मीना व कुकडी या नद्या मिळतात. मीनेचा संगम आंबेगाव तालुक्यातील पारगावजवळ होतो, तर कुकडी त्याहून खाली येऊन मिळते. शिरूर हे गाव घोडनदी या नावानेही ओळखले जाते, यावरून खालच्या भागातही या नदीचे महत्त्व किती होते हे लक्षात येते.

संपूर्ण खोरे दक्खनच्या काळ्या कातळाचे, म्हणजे बेसॉल्ट खडकाचे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थरावर थर साचून हा प्रदेश तयार झाला. या थरांत कठीण व मऊ असे एकाआड एक पट्टे असल्याने डोंगरांना पायऱ्यांसारखा आकार आला आहे. कठीण थरातून पाणी सहज मुरत नाही. ते भेगांतून व थरांच्या सांध्यांतून वाट काढते. म्हणून डोंगरमाथ्यावर पावसाळ्यात धो धो पाऊस पडूनही उन्हाळ्यात झऱ्यांना पाणी टिकत नाही. पश्चिम भागातील पाणीटंचाईचे हे एक मूलभूत कारण होय.

पावसाचे प्रमाण हा या खोऱ्याचा दुसरा महत्त्वाचा विशेष आहे. घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास वा त्याहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे जावे तसा तो झपाट्याने कमी होतो आणि शिरूरच्या बाजूस पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो. ही सारी उतरंड एका दिवसाच्या प्रवासात पाहता येते. पश्चिमेस भातखाचरे, डोंगरउतारावर नाचणी व वरई, हिरड्याची झाडे आणि देवराया दिसतात. घोडेगाव–मंचरच्या पट्ट्यात भाजीपाला, कांदा, बटाटा आणि ऊस दिसतो. त्याहून पूर्वेस कालव्याचे पाणी पोहोचत नाही तेथे ज्वारी–बाजरीचे कोरडवाहू शेत दिसते. पिकांतील हा बदल विद्यार्थ्यांना नकाशापेक्षा अधिक नेमकेपणाने पर्जन्यछायेचा अर्थ समजावून देतो.

३. पहिले स्थान : आहुपे आणि उगमाकडील पाणलोट

नदीची भेट पुलावरून सुरू न करता पाणलोटातून सुरू करणे इष्ट होय. आहुपे हे गाव कोकणात उतरणाऱ्या जुन्या घाटवाटेच्या माथ्यावर वसलेले आहे. येथील देवराई आणि आसपासचे सदाहरित वन भीमाशंकर अभयारण्याच्या परिसरात येते. १९८५ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर असून महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू हा त्याचा विशेष होय. देवरायांच्या शास्त्रीय अभ्यासाला महाराष्ट्रात वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांच्या संशोधनाने चालना मिळाली. दैवताच्या धाकाने राखलेले वन हे झऱ्यांचे व मातीचेही राखण करते, हा मुद्दा त्या संशोधनानंतर अभ्यासकांच्या चर्चेत आला.

या भागात प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. भातशेती आणि वनोपज या त्यांच्या उपजीविकेच्या दोन बाजू होत. हिरडा हे त्यातील महत्त्वाचे रोख उत्पन्न आहे. कोवळ्या अवस्थेत गोळा करून वाळविलेला बाळहिरडा औषधी उद्योगाकडे जातो. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याचे मोठे नुकसान झाले आणि त्याच्या भरपाईसाठी आंबेगाव–जुन्नर भागातील आदिवासींना दीर्घकाळ आंदोलन करावे लागले. शेतातील पिकाच्या नुकसानीची मोजणी करण्याची पद्धत शासनाकडे रूढ आहे. झाडावरील वनोपजाचे नुकसान मात्र त्या पद्धतीत सहज बसत नाही. पाणलोटातील अर्थव्यवस्था शासकीय कागदावर कशी निसटते, याचे हे बोलके उदाहरण होय.

येथील पडकई ही प्रथा विशेष अभ्यासण्यासारखी आहे. उन्हाळ्यात अनेक कुटुंबे एकत्र येऊन एकेका कुटुंबाच्या उताराच्या जमिनीवर बांध घालतात, माती सपाट करतात आणि नवे भातखाचर तयार करतात. श्रमाची फेड श्रमाने केली जाते. कुसुम कर्णिक यांच्या पुढाकाराने या भागात काम करणाऱ्या शाश्वत संस्थेने या प्रथेला बळ दिले आणि पुढे शासनानेही पडकईला विकास कार्यक्रमाचे रूप दिले. जलविज्ञानाच्या दृष्टीने खाचर हे पाणी अडविणारे व माती धरून ठेवणारे लहानसे साधन आहे. अशी अनेक साधने डोंगरउतारावर असतात, तेव्हा खालील जलाशयात येणारा गाळ काही प्रमाणात रोखला जातो.

याच डोंगराळ भागातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी पहाटे–सकाळच्या सुमारास दरड कोसळली आणि १५१ जणांचा मृत्यू झाला. वाचलेल्या कुटुंबांचे पुनर्वसन जवळच नव्या जागी करण्यात आले आणि २०१७ मध्ये नवे माळीण उभे राहिले. दुर्घटनेच्या कारणांची चर्चा करताना सलग अतिवृष्टी, झिजलेल्या खडकावरील सुट्या मातीचा जाड थर, पाण्याचा निचरा न होणे आणि उताराच्या जमिनीचे सपाटीकरण ही कारणे पुढे आली. सपाटीकरणाच्या मुद्द्यावर मतभेद झाले. हाताने, लहान तुकड्यांत आणि निचऱ्याची वाट राखून केलेली पडकई आणि यंत्राने केलेली मोठी कापणी या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येणार नाहीत, असे पडकईचे समर्थक सांगतात. हा मतभेद विद्यार्थ्यांसमोर मांडणे शैक्षणिकदृष्ट्या उपयुक्त आहे. एकाच घटनेची नैसर्गिक आणि मानवी कारणे कशी वेगळी करावीत आणि कोणत्या पुराव्यावर काय म्हणता येते, याची शिस्त त्यातून लागते.

४. दुसरे स्थान : डिंभे जलाशय

घोडेगावच्या पश्चिमेस घोड नदीवर डिंभे धरण आहे. त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव दिलेले आहे. बाबू गेनू हे आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. परदेशी कापडाच्या मालमोटारीसमोर आडवे होऊन त्यांनी १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत प्राणार्पण केले.

धरणाची एकूण साठवण क्षमता सुमारे साडेतेरा टीएमसी आहे. हे एकक वृत्तपत्रांत रोज येते, परंतु त्याचा अर्थ विद्यार्थ्यांना क्वचितच सांगता येतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात सुमारे २.८३ कोटी घनमीटर किंवा २,८३० कोटी लिटर पाणी. एक हजार क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक हजार घनफूट, या वेगाने पाणी सोडले तर एक टीएमसी पाणी संपण्यास साडेअकरा दिवसांहून थोडा अधिक काळ लागतो. हा हिशेब वर्गात एकदा करून घेतला, की आवर्तनाच्या बातम्यांचा अर्थ लागू लागतो.

डिंभे हे कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी एक आहे. येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही उरलेली चार धरणे जुन्नर तालुक्यात आहेत. डिंभ्याच्या उजव्या कालव्याचे पाणी आंबेगाव व शिरूर तालुक्यांकडे जाते. डावा कालवा सुमारे ५५ किलोमीटरचा प्रवास करून कुकडी नदीवरील येडगाव जलाशयाला मिळतो. तेथून पुढे कुकडीच्या कालव्याद्वारे हे पाणी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि सोलापूर जिल्ह्यातील करमाळा या तालुक्यांपर्यंत जाते. म्हणजे घोड खोऱ्यात पडलेल्या पावसाचा मोठा भाग घोडीच्या पात्राऐवजी दुसऱ्या खोऱ्यातून प्रवास करतो. नदीचे खोरे आणि पाण्याचे लाभक्षेत्र या दोन वेगळ्या संकल्पना आहेत, हे समजावून सांगण्यासाठी याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

या जलाशयात जे गाव बुडाले, त्याचे नाव आंबेगाव. तालुका आजही त्याच नावाने ओळखला जातो, परंतु तालुक्याचे मुख्यालय घोडेगाव येथे आहे आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते पाण्याखाली आहे. जलाशयाची पातळी खूप खाली गेली, की जुन्या वस्तीच्या खुणा उघड्या पडतात. शासकीय पत्रव्यवहाराच्या प्रत्येक कागदावर येणारे हे नाव एका विस्थापित गावाचे आहे, याची जाणीव तालुक्यातील विद्यार्थ्यांनाही नेहमी असतेच असे नाही.

विस्थापितांचा प्रश्न केवळ भूतकाळातील नाही. जलाशयाच्या काठी राहिलेली अनेक कुटुंबे उतारावरील थोड्या जमिनीवर अवलंबून आहेत. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीत केली जाणारी गाळपेर शेती आणि जलाशयातील मासेमारी हे त्यांनी शोधलेले दोन मार्ग. मासेमारीसाठी आदिवासींची सहकारी संस्था उभी राहिली. ज्यांच्या जमिनीवर पाणी उभे आहे, त्यांना त्या पाण्यातील माशांवर हक्क असावा, ही त्यामागील भूमिका होती. पाणी मात्र उंचावरील शेताला नेण्यास उपसा लागतो, उपशाला वीज आणि खर्च लागतो. डोळ्यांसमोर जलाशय आणि उन्हाळ्यात डोक्यावर हंडा, असे चित्र त्यामुळे या भागात दिसते. कालवा गुरुत्वाकर्षणाने खाली वाहतो, परंतु जलाशयाच्या वर राहणाऱ्याला तो कधीच मिळत नाही. ही बाब अभियांत्रिकीची असली तरी तिचा परिणाम सामाजिक आहे.

डिंभे जलाशयातील पाणी बोगद्याने माणिकडोहकडे नेण्याचा प्रस्ताव हा याच प्रश्नाचा पुढचा टप्पा होय. कालव्याच्या वहनातील गळती टाळून खालच्या तालुक्यांना हक्काचे पाणी मिळेल, असा एक पक्ष आहे. बोगदा खालच्या पातळीवर झाला तर जलाशय लवकर रिकामा होईल आणि आंबेगाव–शिरूरच्या वाट्याचे पाणी घटेल, असा दुसरा पक्ष आहे. क्षेत्रभेटीत यांपैकी एका बाजूचा निकाल देण्याची आवश्यकता नाही. परंतु बोगद्याच्या तोंडाची उंची हा आकडा किती कुटुंबांच्या उन्हाळ्यावर परिणाम करतो, हे विद्यार्थ्यांना उमगले पाहिजे.

५. तिसरे स्थान : घोडेगाव येथील पात्र

घोडेगाव हे जुने प्रशासकीय ठाणे आहे. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्याची नोंद ‘घोडे’ अशी आढळते. १८३९ मध्ये सह्याद्रीतील कोळ्यांच्या उठावाच्या काळात येथील सरकारी कचेरी व खजिना हे उठावकऱ्यांचे लक्ष्य बनले होते. डोंगरातील माणसाचा सरकारशी संबंध ज्या ठिकाणी येई, ते हे ठिकाण. आज येथेच एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे आणि पश्चिमेकडील गावांतील लोक दाखले, शिष्यवृत्त्या व योजनांच्या कामासाठी येथे येतात. दीडशेहून अधिक वर्षांच्या अंतराने कार्यालयाचे स्वरूप बदलले, पण डोंगर आणि कचेरी यांच्यामधील हा सांधा कायम राहिला.

घोडेगावपाशी नदीचे पाणी पाहताना पहिला प्रश्न असा विचारावा : हे पाणी आज का वाहत आहे? पावसाळ्यात धरण भरल्यावर सांडव्यातून सोडलेले पाणी, उन्हाळ्यात आवर्तनाने बंधारे भरण्यासाठी सोडलेले पाणी, आणि धरणाखालच्या ओढ्यांतून व शेतांतून पाझरून आलेले पाणी, असे त्याचे तीन मुख्य स्रोत संभवतात. धरणापूर्वी नदी ऋतूनुसार वाहत होती. पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात डोह व कोरडी वाळू असा तिचा क्रम होता. आज उन्हाळ्यात पाणी आणि पावसाळ्याच्या आरंभी कोरडे पात्र, असा उलट क्रमही दिसू शकतो. माशांची वीण, काठावरची वनस्पती आणि वाळूचे वहन ही सारी जुन्या क्रमाशी जुळलेली होती. त्यामुळे पात्रातील पाण्याची केवळ उपस्थिती हे नदीच्या आरोग्याचे पुरेसे लक्षण मानता येत नाही.

प्रवाह मोजण्याचे काम येथे साध्या साधनांनी करता येते. सरळ व उथळ भाग निवडावा. दोरीने रुंदी मोजावी, ठरावीक अंतरावर काठीने खोली मोजून सरासरी काढावी. नंतर दहा मीटर अंतर आखून नारळ वा संत्रे पाण्यावर सोडावे आणि त्यास लागणारा वेळ मोजावा. पृष्ठभागावरचा वेग तळाच्या वेगापेक्षा अधिक असल्याने आलेल्या वेगास साधारणतः ०.८५ ने गुणावे. उदाहरणार्थ, रुंदी ८ मीटर, सरासरी खोली ०.४ मीटर आणि दहा मीटरसाठी २५ सेकंद लागले असे मानू. काटछेद ३.२ चौरस मीटर, दुरुस्त वेग सेकंदाला ०.३४ मीटर आणि विसर्ग सेकंदाला सुमारे १.०९ घनमीटर, म्हणजे जवळपास ३८ क्युसेक येतो. या विसर्गाने एक टीएमसी पाणी वाहून जाण्यास सुमारे तीनशे दिवस लागतील. स्वतः पाण्यात उभे राहून काढलेला आकडा आणि वृत्तपत्रातील टीएमसी यांच्यात असा संबंध जोडता आला, म्हणजे मोजणीचे प्रयोजन पूर्ण होते.

येथे सुरक्षेविषयी एक सूचना आवश्यक आहे. धरणाखालच्या पात्रात पाणी पूर्वकल्पनेशिवाय वाढू शकते. म्हणून भेटीपूर्वी पाटबंधारे विभागाकडून विसर्गाची माहिती घ्यावी आणि पावसाळ्यात पात्रात उतरू नये.

६. चौथे स्थान : कळंब ते पारगाव

घोडेगावच्या पूर्वेस नदी मैदानी होते. या पट्ट्यात ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळ्यानंतर बंधाऱ्याच्या गाळ्यांत ढापे बसवून पाणी अडविले जाते आणि पुराआधी ते काढले जातात. ढापे वेळेवर काढले नाहीत तर पुराचे पाणी काठ कापून शेतात घुसते. वेळेवर बसविले नाहीत तर हिवाळ्याचे पाणी वाहून जाते. ढाप्यांच्या या वेळापत्रकावर काठच्या शेतकऱ्यांचे वर्ष अवलंबून असते.

अडविलेल्या पाण्याने या भागाचे रूप पालटले. ऊस वाढला, साखर कारखानदारी उभी राहिली, भाजीपाल्याचा व्यापार वाढला. पारगावजवळील भीमाशंकर सहकारी साखर कारखाना हे त्याचे दृश्य चिन्ह होय. त्याचबरोबर साचलेल्या पाण्यात सांडपाणी आणि खतांचा अंश मिसळून जलपर्णी वाढते. वर्षभर उभ्या असणाऱ्या उसात बिबट्याला लपण्यास जागा मिळाली. जुन्नर वनविभागात, ज्यात जुन्नरसह आंबेगाव, खेड व शिरूर हे तालुके येतात, मानव–बिबट्या संघर्ष गंभीर झाला. २००० नंतरच्या काळात विद्या अत्रेय यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला आणि पकडलेले बिबटे अन्यत्र सोडण्याच्या उपायाच्या मर्यादा दाखवून दिल्या. धरण, कालवा, ऊस आणि बिबट्या ही साखळी चार वेगवेगळ्या खात्यांच्या अखत्यारीत येते, म्हणून ती एकत्र क्वचितच पाहिली जाते. नदीकाठी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला मात्र ती एका नजरेत दिसू शकते. बहुविद्याशाखीय अभ्यासाची गरज येथे आपोआप सिद्ध होते.

७. पाचवे स्थान : इनामगाव

घोड खोऱ्यातील मानवी वस्ती अतिप्राचीन आहे. कुकडीकाठच्या बोरी बुद्रुक येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि अश्मयुगीन हत्यारे सापडली. राखेच्या कालनिर्णयावरून तज्ज्ञांत दीर्घकाळ वाद झाला. घोडीच्या उजव्या काठावरील शिरूर तालुक्यातील इनामगाव हे मात्र ताम्रपाषाणयुगीन खेड्याचे सर्वांत सविस्तर अभ्यासलेले उदाहरण होय. डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांनी १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळात येथे शेतकऱ्यांची वस्ती होती.

येथे मातीचा बांध आणि पाट यांचे अवशेष मिळाले. पुराचे पाणी वळवून शेतीसाठी वापरण्याची ती व्यवस्था असावी, असा उत्खननकर्त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे घोडीचे पाणी अडवून वळविण्याचा प्रयत्न तीन हजार वर्षांहून जुना ठरतो. इ. स. पूर्व १००० नंतर मात्र चित्र बदलले. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेतीचे महत्त्व घटले, पशुपालन व शिकारीवरचा भर वाढला आणि अखेर वस्ती उठली. वाढत्या कोरडेपणामुळे हे घडले असावे, असे ढवळीकरांचे प्रतिपादन आहे. पाणी साठविण्याचे तंत्र अवगत असूनही पाऊस दीर्घकाळ ओसरला तेव्हा त्या समाजाला आपली जीवनपद्धती बदलावी लागली. हवामानबदलाच्या चर्चेत दूरदेशीची उदाहरणे देण्याआधी याच नदीच्या काठचे हे उदाहरण द्यावयास हवे.

८. क्षेत्रभेटीचे नियोजन

वरील पाचही स्थाने एका दिवसात पाहणे शक्य नाही आणि तसा आग्रहही नसावा. दोन भेटी पुरेशा होतात. पहिली भेट ऑक्टोबरच्या सुमारास आहुपे ते घोडेगाव, तर दुसरी मार्च–एप्रिलमध्ये डिंभे ते पारगाव अशी आखावी. एकाच ठिकाणी दोन ऋतूंत केलेली मोजणी तुलनेसाठी उपयोगी पडते. त्यासाठी घोडेगावचे ठिकाण दोन्ही भेटींत समान ठेवावे.

विद्यार्थ्यांचे शाखानिहाय गट न करता मिश्र गट करावेत. विज्ञान शाखेचा विद्यार्थी सामू, गढूळपणा आणि विरघळलेला प्राणवायू तपासेल, वाणिज्य शाखेचा विद्यार्थी उपशाच्या पाण्याचा एकरी खर्च काढील आणि कला शाखेचा विद्यार्थी ज्येष्ठांकडून धरणापूर्वीच्या नदीच्या आठवणी नोंदवून घेईल. मासे, डोह, उतार, यात्रा यांची स्थानिक नावे त्या त्या बोलीत जशीच्या तशी लिहून घ्यावीत. डोहाला नाव असते तोवर तो लोकांच्या व्यवहारात असतो. पाणी साठून डोह बुडाले की पुढील पिढीत ती नावेही उरत नाहीत.

विस्थापित कुटुंबे आणि माळीणचे रहिवासी यांच्याशी बोलताना विशेष संयम आवश्यक आहे. दुःखाची माहिती मिळविणे हा भेटीचा हेतू नाही. पूर्वपरवानगी घ्यावी, नावे अहवालात देऊ नयेत आणि अहवालाची एक प्रत संबंधित ग्रामपंचायतीला द्यावी. गावाकडून केवळ माहिती घ्यावयाची आणि परत काहीच द्यावयाचे नाही, ही पद्धत महाविद्यालयांनी सोडली पाहिजे.

अहवालाचे मूल्यमापन करताना पानांची संख्या वा छायाचित्रे यांपेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात : विद्यार्थ्याने स्वतः मोजलेला किमान एक आकडा, स्वतः ऐकलेले किमान एक कथन, आणि त्या दोहोंमधील संबंध वा विसंगती याविषयी स्वतःचे विवेचन. या तिन्ही गोष्टी मागील वर्षाच्या अहवालातून उतरविता येत नाहीत.

९. समारोप

घोड नदी लहान आहे, परंतु तिच्या खोऱ्यात देवराई, धरण, विस्थापन, दरड, सहकार, ऊस, बिबट्या आणि तीन हजार वर्षांपूर्वीचा पाट हे सर्व एका सलग भूभागात आढळते. घोडेगावच्या काठावरून दिसणारा संथ प्रवाह या सर्वांच्या मधोमध वाहतो. त्यात आज किती पाणी असावे, हे आहुप्याचा पाऊस ठरवितो, धरणाचे दरवाजे ठरवितात आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या तालुक्याची मागणीही ठरविते.

ज्या विद्यार्थ्यांना हे शिकवावयाचे, त्यांच्यापैकी काही जण पश्चिमेकडील वाड्या–वस्त्यांतून येतात, तर काही पूर्वेकडील बागायती गावांतून. एकाच बाकावर बसणाऱ्या या दोघांच्या घरी एकाच नदीच्या पाण्याची स्थिती भिन्न असते. पहिल्याच्या घरचे शेत धरणासाठी गेलेले असू शकते आणि दुसऱ्याच्या घरचे शेत त्याच धरणाने भिजलेले. क्षेत्रभेटीत हे दोघे एका काठावर उभे राहून एकाच पाण्याची खोली मोजतात, तेव्हा या विषमतेवर समंजसपणे बोलण्याची संधी अध्यापकाला मिळते. अभ्यासक्रमातील क्षेत्रकार्याच्या तरतुदीचे सार्थक अशा चर्चेने होऊ शकेल. त्यासाठी खर्चिक साधनांची गरज नाही. दोरी, काठी, घड्याळ आणि विचारावयाच्या प्रश्नांची यादी एवढी तयारी त्यास पुरेशी आहे.